सरकारला घरी कोण पाठवू शकतं?

निवडणूक लोकसभेची असो की महापालिकेची, सोलापुरात पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यापासून हिराचंद नेमचंद वाचनालयातल्या पेपरच्या टेबलापर्यंत एक वाक्य हमखास कानावर येतं: "आता कसली संसदीय पद्धत? आपल्याकडं अध्यक्षीयच झालीय सगळी." बोलणारा कुठल्या पक्षाचा आहे त्यावर सूर ठरतो. एकजण ते कौतुकानं सांगतो, दुसरा कपाळाला हात लावून. निदान मात्र दोघांचं एकच, आणि माझ्या मते ते चुकीचं आहे. चहाच्या गप्पांत चुकलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण एकदा 'अध्यक्षीय' म्हणून टाकलं की आपला खासदार अलगद सुटतो. अध्यक्षीय देशात, म्हणजे अमेरिकेसारख्या ठिकाणी, सरकार टिकवणं किंवा पाडणं हे लोकप्रतिनिधीच्या कामात येतच नाही, मग त्याला जाब कशाचा विचारणार? आपल्याकडे ते त्याचं पहिलं काम आहे.

राज्यपद्धतींची वर्गवारी करताना बहुतेकांची नजर आधी चेहऱ्यावर जाते. पोस्टरवर कोण आहे, त्याला लोकांनी थेट निवडलं का, त्याचा दरारा किती. हे सगळं चटकन दिसतं, म्हणून सोपं वाटतं. मी आधी एवढंच विचारतो: मुदत संपायच्या आत या सरकारला घरी कोण पाठवू शकतं, आणि पाठवताना कारण द्यावं लागतं का?

१७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयींचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. वाजपेयींवर कसलाही गुन्हा सिद्ध करायची गरज नव्हती. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनी कारणंही देण्याची गरज नव्हती. एक मत कमी पडलं, सरकार गेलं. आता १८६८ साल घ्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर महाभियोग चालला. सिनेटमध्ये ३५ जण म्हणाले दोषी, १९ म्हणाले निर्दोष. म्हणजे बहुमत तर ढळढळीत त्यांच्या विरोधात. तरी ते वाचले, कारण दोनतृतीयांशाला ३६ लागत होते. एका मतानं पडलेला पंतप्रधान आणि एका मतानं तरलेला राष्ट्राध्यक्ष: दोन पद्धतींमधला फरक याहून स्वच्छ दाखवणारी जोडी मला माहीत नाही. तिकडे विधिमंडळाला आरोप ठेवावा लागतो, खटला चालवावा लागतो. इकडे 'तुमच्यावर आता भरवसा नाही' एवढं पुरतं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा सभागृहापुढे ठेवला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त. दोन्ही एकाच मापात मिळत नाहीत आणि मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलंय, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी दोन प्रकारच्या झडतीचा उल्लेख केला होता. एक पाच वर्षांनी मतदार घेतो ती, आणि दुसरी सभासद रोजच्या रोज घेतात ती: प्रश्न, चर्चा, ठराव, अविश्वास. अध्यक्षीय पद्धतीत ही रोजची झडती नसते. आज आपल्याकडे ती नीट होत नाही हे खरं, पण त्याकडे पुढे येतो.

पदाच्या पाटीवर तर मुळीच जाऊ नये. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष आहेत, राष्ट्राचे आणि सरकारचेही प्रमुख तेच. पण त्यांना निवडते तिथली राष्ट्रीय सभा आणि अविश्वास ठरावानं काढूही शकते. फेब्रुवारी २०१८ मध्ये जेकब झुमा असा ठराव समोर दिसू लागल्यावरच पायउतार झाले. व्यवस्था संसदीयच. आयर्लंडचा अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो, पण राज्यकारभार पंतप्रधानाकडे आणि अध्यक्षाकडे बव्हंशी समारंभ. उलट फिनलंडचे उर्हो केक्कोनेन १९५६ पासून १९८२ पर्यंत अध्यक्ष होते. त्यांना थेट मतदारांनी नव्हे, निर्वाचक मंडळानं निवडलेलं होतं, तरी देशाच्या राजकारणावर त्यांची घट्ट पकड. थेट निवडणूक म्हणजे ताकद, हे समीकरण दोन्ही टोकांनी तुटतं.

खरी पंचाईत मधल्या कप्प्यात आहे. फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी 'अर्ध-अध्यक्षीय' हा वर्ग रूढ केला. थेट निवडलेला, बऱ्यापैकी अधिकार असलेला अध्यक्ष आणि जोडीला संसदेला जबाबदार असलेला पंतप्रधान व मंत्रिमंडळ, अशी त्यांची व्याख्या. 'बऱ्यापैकी' म्हणजे किती, यावर पुढं वर्षानुवर्षं वाद झाले. रॉबर्ट एल्गी यांनी १९९९ मध्ये तो शब्दच काढून टाकला: ठरावीक मुदतीचा, लोकनियुक्त अध्यक्ष असावा आणि पंतप्रधान-मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असावं, बस. मोजायला सोपं झालं. पण त्यामुळे आयर्लंड आणि रशिया एकाच कप्प्यात येऊन बसले. ज्या वर्गवारीत हे दोन देश शेजारी बसतात ती नोंदवहीला ठीक. त्यावरून कुणाला कारभाराबद्दल काही कळेल असं मला वाटत नाही.

फ्रान्सची गंमत समजायला सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला पॅरिसला जायची गरज नाही. मोहोळ किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातलं एखादं गाव डोळ्यांपुढं आणा. सरपंच थेट गावानं निवडलेला, एका पॅनलचा. बॉडी मात्र दुसऱ्या पॅनलची. उपसरपंच सदस्यांतून निवडला जातो, म्हणजे तोही पलीकडचा. मासिक सभेला सरपंच अध्यक्षस्थानी, ठरावाला मात्र हात वर होतात ते समोरच्या गटाचे. गटारीचं काम कुठल्या गल्लीतून सुरू करायचं यावर तीन सभा जातात, आणि गावात चर्चा एकच: सरपंचाला कामच करू देत नाहीत, किंवा सरपंच कुणाला विचारतच नाही. फ्रान्समध्ये हेच तीनदा घडलं. १९८६ ते ८८ मितराँ अध्यक्ष आणि शिराक पंतप्रधान, १९९३ ते ९५ पुन्हा मितराँ आणि बालादूर, आणि १९९७ पासून २००२ पर्यंत शिराक अध्यक्ष आणि समाजवादी लिओनेल जोस्पँ पंतप्रधान. शिराक यांनी मुदतीआधी संसद विसर्जित केली, निवडणूक हरले आणि पाच वर्षं विरोधी पक्षाच्या पंतप्रधानासोबत काढली. ते जोस्पँना काढू शकत नव्हते. फ्रेंच घटनेनुसार पंतप्रधानानं राजीनामा दिला तरच अध्यक्ष त्याला मोकळं करतो. संसदेत आपलंच बहुमत असलं की अध्यक्ष राजीनामा मागतो आणि तो मिळतो. बहुमत पलीकडे गेलं की मागायची सोय राहत नाही. कागद तोच, कारभार दोन तऱ्हेचे. मग २००० सालच्या सार्वमतानं अध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षांवर आणली, दोन्ही निवडणुका लागोपाठ घेऊ लागले, आणि वाटलं की दुखणं मिटलं. २०२४ मध्ये अध्यक्ष माक्राँ यांनी संसद विसर्जित केली, कुणालाच बहुमत मिळालं नाही, आणि त्याच डिसेंबरात अविश्वासाच्या बाजूनं ३३१ मतं पडून पंतप्रधान मिशेल बार्निये यांचं सरकार गेलं. १९६२ नंतर फ्रान्समध्ये अविश्वासानं पडलेलं ते पहिलं सरकार. पुढच्याच सप्टेंबरात त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बायरू यांचंही गेलं. 'फ्रान्स म्हणजे जवळजवळ अध्यक्षीयच' असं इतकी वर्षं म्हणणाऱ्यांची या दोन मतदानांनी अडचण केली.

रशियात पंतप्रधान संसदेलाही जबाबदार आहे आणि अध्यक्षालाही. अध्यक्ष त्याला मनात येईल तेव्हा काढू शकतो. मार्च १९९८ ते ऑगस्ट १९९९ या दीड वर्षात अध्यक्ष येल्त्सिन यांनी चेर्नोमिर्दिन, किरियेन्को, प्रिमाकोव्ह आणि स्तेपाशिन अशा चार पंतप्रधानांना रस्ता दाखवला. त्यामुळे १९९२ मध्ये शुगार्ट आणि कॅरी यांनी या मधल्या वर्गाचे दोन भाग पाडले ते मला पटतं: एकात पंतप्रधानाला फक्त संसद काढू शकते, दुसऱ्यात अध्यक्षही काढू शकतो. चावी आहे ती इथं.

ही चावी नेमकी कुणाच्या खिशात, यावर शेजारच्या श्रीलंकेत २०१८ मध्ये देश वेठीला धरला गेला. १९७८ च्या घटनेत पंतप्रधानाला काढायचा अधिकार अध्यक्षाकडे होता, २०१५ च्या १९व्या दुरुस्तीनं तो काढून घेतला. तरी २६ ऑक्टोबर २०१८ ला अध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान विक्रमसिंघेंना काढून महिंदा राजपक्षेंना शपथ दिली. संसदेनं दाद दिली नाही, तेव्हा संसदच विसर्जित केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं आणि विक्रमसिंघे परत खुर्चीवर आले. या सगळ्या काळात श्रीलंकेचा अध्यक्ष थेटच निवडलेला होता. फरक पडला तो काढायच्या अधिकारामुळे.

पाकिस्तान तर द्युव्हर्जे आणि एल्गी दोघांच्याही जाळ्यातून निसटतो. तिथला अध्यक्ष आपल्यासारखाच अप्रत्यक्ष निवडलेला. पण १९८५ च्या आठव्या दुरुस्तीनं घटनेत ५८(२)(ब) हे कलम घातलं आणि राष्ट्रीय सभा बरखास्त करून सरकार घालवायचा अधिकार अध्यक्षाला दिला. १९८८ मध्ये जुनेजो, १९९० मध्ये बेनझीर, १९९३ मध्ये नवाझ शरीफ, १९९६ मध्ये पुन्हा बेनझीर. आठ वर्षांत चार सरकारं, आणि एकालाही संसदेनं पाडलेलं नव्हतं. व्याख्येप्रमाणे हा देश संसदीय. माझ्या प्रश्नाप्रमाणे त्या काळापुरता तो मुळीच संसदीय नव्हता.

आपल्याकडेही हा प्रश्न लावून बघावा, जरा टोचतो. १७ फेब्रुवारी १९८० ला महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार विधानसभेतल्या पराभवानं गेलं नाही. दिल्लीनं कलम ३५६ वापरून, म्हणजे राष्ट्रपती राजवट लावून, ते बरखास्त केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानं बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हायला हवी असं बजावेपर्यंत आपली राज्यं अर्धवटच संसदीय होती, असं म्हणायला माझी हरकत नाही. केंद्राबद्दल मात्र घटनेत संदिग्धता नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार, आणि ४२व्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, ही सोय ४४व्या दुरुस्तीची.

आता पुन्हा गावाकडे. सरपंचाचं उदाहरण मी फ्रान्ससाठी दिलं ते भांडणाच्या तऱ्हेपुरतं. रचनेनं पाहिलं तर थेट सरपंच फ्रान्ससारखा नाही, कारण त्याच्या हाताखाली बॉडीला जबाबदार असा दुसरा कुणी पंतप्रधान नाही. कारभारी तोच, निवडलेला थेट, आणि सदस्य त्याच्यावर अविश्वासही आणू शकतात. जगाच्या नकाशावर याचा जुळा भाऊ एकच सापडतो: १९९६ ते २००१ चा इस्राएल. तिथं पंतप्रधानच थेट लोकांनी निवडायचा आणि संसदेनं त्याला पाडायचंही, असा प्रयोग झाला. हेतू उदात्त होता, लहान पक्षांची घासाघीस थांबावी. झालं उलटं. लोकांनी एक मत पंतप्रधानाला आणि दुसरं आपल्या जातभाईंच्या, धर्माच्या, वस्तीच्या पक्षाला द्यायला सुरुवात केली. १९९२ मध्ये मजूर पक्षाच्या ४४ आणि लिकुदच्या ३२ जागा होत्या. १९९९ मध्ये बराक यांच्या आघाडीला २६ आणि लिकुदला १९. पंतप्रधान थेट निवडलेला, पण १२० च्या सभागृहात त्याची स्वतःची माणसं पाव भागही नाहीत. नेतान्याहू, बराक, शारोन असे तीन जण या पद्धतीनं आले आणि २००१ मध्येच कायदा गुंडाळला.

आपण मात्र हा कायदा गुंडाळतो, उलगडतो आणि पुन्हा गुंडाळतो. थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. नगराध्यक्षाचंही तसंच: २०१६, २०२०, २०२२. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या मतदारानं हे सगळं पाहिलं. दर वेळी वाद एवढाच की थेट निवडणूक कुठल्या पक्षाच्या फायद्याची. काढायचं कसं यावर मुंबईत किती चर्चा झाली? २०१७ च्या दुरुस्तीनं सरपंचावरचा अविश्वास तीनचतुर्थांश सदस्यांनी मंजूर करायचा आणि मग खास ग्रामसभेत गुप्त मतदानानं गावानं त्यावर शिक्कामोर्तब करायचं, अशी अट घातली. मला ही अट आवडते. ज्यांनी बसवला त्यांनाच उठवायचा अंतिम हक्क, हे सरळ आहे. पण मग बॉडीचा रोजचा धाक जवळपास संपतो आणि ठराव आलाच तर गाव उभं फुटतं, याचीही जाण ठेवून कायदा करावा.

सोलापूर महापालिका कुठल्या कप्प्यात बसते? कुठल्याच नाही. महापौर नगरसेवक निवडतात, इंद्रभवनात त्यांचं दालन असतं, सभागृहात सभागृहनेता आणि विरोधी पक्षनेता असतो, सगळा थाट संसदेचा. पण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त राज्य सरकारनं पाठवलेले. नवी मुंबईत २०१६ मध्ये नगरसेवकांनी प्रचंड बहुमतानं आयुक्तांवर अविश्वास मंजूर केला, तरी सरकारनं त्यांना लगेच हलवलं नाही. सोलापुरात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती होती. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी नगरसेवक असतानाही तसंच येत होतं आणि नसतानाही. नळाला पाणी न आल्यावर लोक नगरसेवकाच्या दारात जातात आणि तो म्हणतो, आयुक्तांशी बोलतो. याला संसदीय म्हणणं ही थट्टा होईल.

तर मग दिल्लीतला दणकट पंतप्रधान? प्रचार एका चेहऱ्यावर, निर्णय एका कार्यालयात, मंत्र्यांची नावं लोकांना आठवत नाहीत. हे आरोप इंदिरा गांधींवरही झाले आणि आजही होतात. त्यात तथ्य आहे. पण बलवान पंतप्रधान म्हणजे राष्ट्राध्यक्ष नव्हे. ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेल्या होत्या, त्यांना १९९० मध्ये स्वतःच्याच खासदारांनी घालवलं. बोरिस जॉन्सन यांनी २०१९ मध्ये सगळ्या विरोधकांपेक्षा ८० जागा जास्त आणल्या. जुलै २०२२ मध्ये त्यांच्याच सरकारातल्या पन्नासहून जास्त जणांनी राजीनामे दिले आणि त्यांना जावं लागलं. अमेरिकेत असं होणं नाही.

आपल्याकडे तरी कुठं होतं, असं कुणी विचारेल. होत नाही, आणि त्याचं कारण घटनेच्या मूळ रचनेत नसून आपण नंतर घातलेल्या खिळ्यांत आहे. १९८५ च्या ५२व्या दुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आणली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मत दिलं की सदस्यत्व जातं. आयाराम-गयारामांना आळा हवा होता, मान्य. पण त्यात रोजची झडती घेणाराच जायबंदी झाला. सरकारला घरी पाठवायचा हक्क कागदावर सभागृहाचा राहिला, प्रत्यक्षात पक्षश्रेष्ठींकडे गेला.

सोलापूरला हे सांगायला नकोच. जून २००२ मध्ये विलासराव देशमुखांनी विधानसभेत विश्वास जिंकला होता. जानेवारी २००३ मध्ये त्यांच्या जागी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले. ऑक्टोबर २००४ च्या निवडणुकीत, शिंदे मुख्यमंत्री असताना, आघाडी पुन्हा सत्तेवर आली, आणि शपथ घेतली विलासरावांनी. शिंदे आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले, म्हणजे सही आपली आणि निर्णय मंत्रिमंडळाचा अशा खुर्चीवर. दोन्ही बदलांत सभागृहानं कुणाला पाडलेलं नव्हतं. हे एका पक्षापुरतं नाही. कुठल्याही पक्षाच्या विधिमंडळ बैठकीची रीत पाहा: दिल्लीहून निरीक्षक येतात, एका ओळीचा ठराव होतो की नेता निवडायचे सर्व अधिकार श्रेष्ठींना, चहापाणी होतं, आणि नाव बाहेर कॅमेऱ्यासमोर कळतं. जून २०२२ मध्ये तर मोजणीची वेळ येण्याआधीच उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश योग्य नव्हता असं म्हटलं, पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत म्हणून त्यांना परत बसवता येणार नाही, असंही सांगितलं.

वसंत साठे यांच्यासारखे महाराष्ट्रातलेच नेते अध्यक्षीय पद्धत आणा म्हणून आग्रह धरत होते. त्यांचा मुद्दा स्थैर्याचा. पाच वर्षं सरकार हलणार नाही, मंत्री गुणावर घेता येतील. मला त्यातलं मंत्र्यांचं म्हणणं थोडं पटतं. पण सरकार न हलणं ही आज आपली अडचण नाहीच. हलवायची सोय गंजली, ही आहे.

दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्ये सुचवलं होतं की व्हिपचा बडगा विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरता ठेवावा. बाकी विधेयकांवर खासदार मोकळा होईल, एवढं तरी व्हावं. पण सरकार पाडण्याच्या मतावरची बेडी त्यानं सुटत नाही, आणि ती सोडवून पुन्हा घोडेबाजार भरवावा असंही मी म्हणणार नाही. वाट दुसरी आहे: विधिमंडळ पक्षानं आपला नेता गुप्त मतदानानं निवडावा आणि ठरावीक संख्येनं मागणी केली तर पुन्हा मतदान घ्यावं. थॅचर अशाच मतदानात गेल्या. पहिल्या फेरीत त्यांना २०४ आणि प्रतिस्पर्ध्याला १५२ मतं होती. पक्षाच्या नियमाप्रमाणे लागणाऱ्या आघाडीला चार कमी पडली आणि दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली. आपल्याकडे यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, पक्षाची घटना बदलली की झालं. दहावी अनुसूचीही आड येत नाही. व्हिपचं कलम सभागृहातल्या मतदानापुरतं आहे, पक्षाच्या बैठकीतल्या चिठ्ठीला ते लागू होत नाही.